परिचारिकेच्या शिक्षणाचा न दिसणारा खर्च

परिचर्येच्या शिक्षणास खर्च किती येतो असे विचारले, की संस्था शुल्काचा आकडा सांगतात. कल्याण-डोंबिवलीतील एखाद्या विवाहित स्त्रीने तिशीच्या सुमारास हे शिक्षण घ्यावयाचे ठरविले, तर तिच्या दृष्टीने हा आकडा दुय्यम ठरतो. तिला मोजावी लागणारी खरी किंमत वेळेची असते आणि ती हप्त्याने भरता येत नाही.

खासगी शुश्रूषागृहांत वर्षानुवर्षे राबणाऱ्या, रुग्णाची सेवा हाताने शिकलेल्या, परंतु नोंदणीअभावी जन्मभर 'मावशी'च राहिलेल्या स्त्रिया या भागात सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यांच्यापैकी जी बारावी उत्तीर्ण आहे, तिला तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम खुला आहे. भारतीय परिचर्या परिषदेने त्यासाठी १७ ते ३५ ही वयोमर्यादा घातली. म्हणजे नियमाने पस्तिशीपर्यंत दार उघडे ठेवले. वेळापत्रक मात्र वसतिगृहात राहणारी सतरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर ठेवून आखले गेले. तासिकांना ८० टक्के उपस्थिती हवी आणि रुग्णकक्षातील प्रात्यक्षिके तर शंभर टक्के पुरी झाली पाहिजेत. सकाळच्या पाळीसाठी ठाण्यास पोहोचावयाचे, तर डोंबिवलीच्या घरातील चूल पहाटेच पेटली पाहिजे. मुलाच्या शाळेची वेळ आणि रात्रपाळी यांचा मेळ कोणी घालावयाचा, याविषयी अभ्यासक्रम मौन बाळगतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, २०१९ साली विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, पण ती पुरुषांनी उचलली नाहीत. त्यांचीही नऊ कमी झाली! सून शिकावयास गेली की तिची ही मिनिटे सासूच्या वा आईच्या अंगावर पडतात. गिरगाव-परळच्या चाळीतून बिऱ्हाडे डोंबिवलीस आली, तेव्हा स्वतःचे घर मिळाले. मूल सांभाळणारी शेजारीण मागेच राहिली. सासूबाई धडधाकट असतील तोवर शिक्षण चालते, त्यांनी अंथरूण धरले की थांबते. अशा वेळी मध्येच सोडलेल्या दुसऱ्या वर्षाचे बाजारात मोल शून्य.

कायदाही येथे तोकडा पडतो. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन २६ आठवड्यांची भरपगारी रजा आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर अशा तरतुदी झाल्या. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्या आल्या. परंतु हा लाभ वेतनावर कामास असलेल्या स्त्रीचा आहे. विद्यार्थिनी रुग्णकक्षात काम करीत असली, तरी ती 'कर्मचारी' नव्हे.

पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या सेवासदनाने विधवा व प्रौढ स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली आणि त्यांच्या निवासाचीही व्यवस्था पाहिली. शिकणाऱ्या स्त्रीमागे संसाराची ओढ असते, हे त्या पिढीने गृहीत धरले होते. आपण ते विसरलो.

यावर प्रात्यक्षिकांचे तास कमी करा, असा सोपा उपाय सुचविला जाईल. तो घातक आहे. इंजेक्शनाची मात्रा चुकली, तर रुग्ण परिचारिकेच्या कौटुंबिक अडचणी ऐकावयास थांबत नाही. तास तेवढेच ठेवून वर्षे वाढविता येतील. तीन वर्षांचा अभ्यासक्रम विवाहितेस साडेचार वर्षांत, घेतलेले शिक्षण वाया न जाता, पुरा करण्याची मुभा देता येईल. रुग्णालयातील पाळणाघर पहाटे सहाला उघडून विद्यार्थिनींनाही खुले करणे आणि रुग्णकक्षातील तासांच्या हिशेबाने विद्यावेतन देणे, यास नवा कायदाही लागणार नाही.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न नगरपालिकीय अर्थसंकल्पांपुढे ठेवावयास हवा. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा तेथील गर्दीची चर्चा काही दिवस झाली. कल्याण-डोंबिवलीतून रुग्ण तेथे पाठविले जातात, हे सर्वज्ञात आहे. कळव्याचे रुग्णालय ठाणे महापालिकेचे. त्यावर विसंबणारे रुग्ण मात्र शेजारच्या महापालिकांचेही. परिचारिका घडविण्याचा खर्च ठाण्याने एकट्याने उचलावा आणि लाभ सर्वांनी घ्यावा, हा व्यवहार टिकणारा नाही. रुग्णसंख्येच्या प्रमाणात या महापालिकांनी पाळणाघराचा व विद्यावेतनाचा वाटा उचलावा. निदान पुढील अर्थसंकल्पात त्यासाठी एक स्वतंत्र शीर्षक तरी असावे.