भाजलेल्या जखमेवर वाळवलेली कातडी : श्रेय कोणाचे?

१/ ब्राझीलमधील फोर्तालेझा शहरात भाजलेल्या रुग्णांच्या हातापायांवर तिलापिया माशाची कातडी लावल्याची छायाचित्रे गेल्या दशकात जगभर फिरली. त्या कातडीला ‘चमत्कार’ म्हटले गेले. इतिहास मात्र सांगतो, की प्राण्यांची कातडी वैद्यकाला जुनीच होती. ती टिकवण्याची आणि निर्धोक करण्याची विद्या नवी होती. तिची आठवण फारशी कोणी काढत नाही.

२/ एकोणिसाव्या शतकातच शल्यविशारदांनी मेंढी आणि बेडूक यांची कातडी जखमांवर लावून पाहिली होती. परकी कातडी शरीर आपलीशी करत नाही. काही दिवसांत ती सुटून येते. तरी ते दिवस मोलाचे असतात. उघड्या जखमेतून पाणी व प्रथिने झिरपतात, जंतूंना वाट मिळते, वेदना असह्य होते. तात्पुरत्या झाकणाने हे सारे आवरते.

३/ १९६५ मध्ये ब्रॉमबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या कातडीचा तात्पुरते आच्छादन म्हणून उपयोग करण्याविषयी शोधनिबंध लिहिला आणि ही पद्धत पुन्हा चर्चेत आली. अडचण टिकवणुकीची होती. ताजी कातडी लवकर नासते, आणि आग कधी लागेल हे कोणी सांगू शकत नाही.

४/ मग ती उन्हात का वाळवू नये? सुका बोंबील आणि अंगणातल्या कुरडया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा प्रश्न सहज पडेल. पाणी द्रवरूपात निघून जाताना ऊतीतील तंतूंना एकमेकांकडे ओढते. ऊती आक्रसते, कडक होते. बोंबिलाला ते चालते. जखमेला चालत नाही.

५/ यावर तोड म्हणजे आधी गोठवणे, मग निर्वात पात्रात बर्फाची थेट वाफ करणे. शाळेच्या पुस्तकात यालाच संप्लवन म्हणतात. पाणी द्रवरूपात येतच नाही, म्हणून तंतूंची वीण बव्हंशी जागच्या जागी राहते. पॅरिसमध्ये दार्सोनव्हाल व बोर्दास यांनी १९०६ मध्ये, तर अमेरिकेत शॅकेल यांनी १९०९ मध्ये ही पद्धत जैविक पदार्थांसाठी मांडली.

६/ तिला खरे बळ मिळाले दुसऱ्या महायुद्धात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात फ्लॉसडॉर्फ व मड यांनी १९३०च्या दशकात रक्तातील द्रव वाळवण्याचे तंत्र विकसित केले होते. पुढे वाळवलेल्या प्लाझ्माच्या बाटल्या रणांगणावर पोहोचल्या. त्यात शुद्ध पाणी मिसळून भाजलेल्या सैनिकांना तो शिरेतून देता येई. शीतपेटीची गरज संपली.

७/ पण याच काळाने एक धडाही दिला. अनेक दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केल्यामुळे काविळीचा विषाणू पसरला, कारण वाळवणीत तोही टिकून राहिला. हाच गुण देवीच्या लसीत उपकारक ठरला. जनावरांच्या कातडीवर वाढवलेला लसीचा विषाणू वाळवल्यावर उष्ण प्रदेशातही जिवंत राही. लंडनच्या लिस्टर संस्थेत कॉलियर यांनी १९५०च्या दशकात हे तंत्र पक्के केले. भारतातून देवी १९७५ मध्ये हद्दपार झाली, त्यात अशा लसीचा मोठा वाटा होता.

८/ म्हणजे ही वाळवणी आपपरभाव ओळखत नाही. म्हणून जखमेसाठी कातडी तयार करताना आधी केस किंवा खवले आणि चरबी काढतात. बहुतेक आधुनिक पद्धतींत क्षार, विकरे किंवा साबणासारखी द्रव्ये वापरून प्राण्याच्या पेशीही धुऊन टाकतात. मग गोठवणे, निर्वात वाळवणी व हवाबंद वेष्टन. शेवटी गॅमा किरणांसारख्या उपायाने निर्जंतुकीकरण. वापरण्यापूर्वी सलाइनमध्ये भिजवले, की कातडी पुन्हा मऊ होते.

९/ उरतो तो मुख्यतः कोलॅजेनच्या तंतूंचा सांगाडा. त्यात प्राण्याचे काही जिवंत उरत नाही, आणि उरावे अशी अपेक्षाही नसते. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी त्या सांगाड्याच्या आधाराने जखमेत सरकतात. बरे होण्याचे काम रुग्णाचे शरीरच करते.

१०/ डुकराच्या कातडीला धार्मिक आक्षेप असतात, सस्तन प्राण्यांच्या विषाणूंची धास्तीही असते. माशाच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न सौम्य होतात. आइसलंडमधील केरेसिस कंपनीने कॉड माशाची कातडी याच पद्धतीने वाळवून बाजारात आणली. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या कोलोप्लास्टने ती कंपनी १.३ अब्ज डॉलरपर्यंतच्या किमतीला घेण्याचे जाहीर केले. एरवी टाकून दिली जाणारी कातडी कशामुळे एवढी महाग झाली? प्रक्रियेमुळे.

११/ भारताने लक्ष द्यावे ते इथे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. विद्या परकी नाही : तुर्भ्याचा ‘आयसोमेड’ हा गॅमा निर्जंतुकीकरण प्रकल्प १९७४ पासूनचा, आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ पासूनची. तिथे मानवी गर्भवेष्टन याच रीतीने वाळवून व निर्जंतुक करून जखमांसाठी दिले जाते.

१२/ खोल भाजण्यावर मानवी त्वचेची सर या कातडीला नाही, आणि अखेरीस रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेचेच रोपण करावे लागते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्वचापेढ्या मोठ्या शहरांत आहेत आणि स्टोव्हचा भडका कुठेही उडतो. मासळी-प्रक्रिया कारखान्यांतली कातडी आणि सार्वजनिक संस्थांकडचे ज्ञान यांची सांगड सरकारी पैशातून घातली जावी. ती केवळ पेटंटधारकांवर सोडू नये. महायुद्धात वाळवलेला प्लाझ्मा आघाडीपर्यंत पोहोचवता आला. तालुक्याच्या रुग्णालयातील साध्या कपाटात कातडीचे पाकीट पोहोचवणे त्याहून अवघड नसावे.