गुन्ह्याचे नाव आणि बंदुकीचा परवाना

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात फोर्ट स्टीवर्ट नावाचा लष्करी तळ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे एका सार्जंटने स्वतःच्या खाजगी पिस्तुलातून आपल्याच पाच सहकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पाचही जण वाचले. जवळच्या सैनिकांनी निःशस्त्र असताना धाव घेऊन त्याला पकडले. अशी घटना घडली की अमेरिकेत दोन प्रश्न हमखास निघतात. याला दहशतवाद म्हणायचे काय? आणि तळावर सैनिकांनी स्वतःची शस्त्रे बाळगायची काय? हे दोन्ही प्रश्न ऐरणीवर आले ते २००९ मधील फोर्ट हूडच्या हत्याकांडाने. अमेरिकेच्या भांडणाशी आपल्याला काय करायचे, असे म्हणून भागणार नाही. ज्या समाजावरील अत्याचाराला कोणते नाव द्यायचे हे नेहमी दुसऱ्यांनीच ठरवले, त्या समाजाने तरी हा वाद डोळे उघडे ठेवून पाहिला पाहिजे.

५ नोव्हेंबर २००९ रोजी टेक्सासमधील फोर्ट हूड येथे मेजर निदाल हसन या लष्करी मानसोपचारतज्ज्ञाने परदेशी रवाना होणाऱ्या सैनिकांच्या तपासणी केंद्रात घुसून गोळीबार केला. तेरा जण ठार झाले, तीसहून अधिक जखमी झाले. येमेनमधील अन्वर अल-अवलाकी या धर्मांध प्रचारकाशी हसनचा ई-मेलने संपर्क होता, आणि त्याची माहिती एफबीआयकडे होती. तरीही त्याला कोणी रोखले नाही. उलट त्याच वर्षी त्याला मेजरपदावर बढती मिळाली. २०१३ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला. गोळ्या आपणच झाडल्या हे त्याने कोर्टात मान्य केले होते.

एवढे सगळे उघड असूनही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने या हत्याकांडाला कित्येक वर्षे ‘कामाच्या ठिकाणचा हिंसाचार’ याच सदरात ठेवले. खटला चालू असताना त्याला दहशतवाद म्हटले तर आरोपीच्या न्याय्य सुनावणीला बाधा येईल, असे खात्याचे म्हणणे होते. हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. हजारो निरपराध मुस्लिम सैनिकांवर सूड उगवला जाईल ही लष्करप्रमुख जनरल केसी यांनी बोलून दाखवलेली भीतीही खोटी नव्हती. परंतु या नावाची किंमत कोणी मोजली? जखमींनी आणि मृतांच्या कुटुंबांनी. शत्रूच्या हल्ल्यात जखमी वा ठार झालेल्यांना मिळणारे ‘पर्पल हार्ट’ हे पदक आणि त्याबरोबरचे लाभ त्यांना नाकारले गेले. काँग्रेसने कायदा बदलला तेव्हा कुठे एप्रिल २०१५ मध्ये ते पदक मिळाले. नावात काय आहे, असे विचारणाऱ्यांनी या कुटुंबांना जाऊन विचारावे!

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. जून २०१५ मध्ये चार्ल्स्टन येथील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एका गोऱ्या वंशवाद्याने प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना ठार मारले. वंशयुद्ध पेटवणे हा त्याचा हेतू होता. तरीही हे राजकीय कृत्य दिसत नाही, असे म्हणत एफबीआयच्या तत्कालीन प्रमुखांनी दहशतवाद हा शब्द टाळला. खटला चालला तो द्वेषमूलक गुन्ह्याचा. अमेरिकेच्या कायद्यात देशांतर्गत दहशतवादाची व्याख्या आहे, पण त्या नावाचा स्वतंत्र शिक्षापात्र गुन्हा नाही. परकीय संघटनेशी नाते जोडता आले तर दहशतवाद, आणि देशातल्याच गोऱ्या वर्चस्ववाद्याने केले तर द्वेष, अशी ही वाटणी आहे. मग हा शब्द कृत्य पाहून लावला जातो की माणूस पाहून?

हा अनुभव आपल्याला नवा नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना दोषी ठरवले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे म्हटले. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानेही जातीय द्वेषाचे कारण मान्य केले नाही. खून झाले हे कबूल, जात मात्र नाकबूल! आणि याच खैरलांजीवर पुस्तक लिहिणारे प्रा. आनंद तेलतुंबडे यांना भीमा-कोरेगाव प्रकरणात यूएपीएखाली १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, अटक झाली. दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा दिसत नाही असे सांगून उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांना जामीन दिला. तोवर अडीच वर्षे तुरुंगात गेली होती. जेथे नाव द्यायला हवे तेथे द्यायचे नाही, आणि जेथे पुरावा नाही तेथे चिकटवायचे. यालाच आम्ही व्यवस्थेचा दुटप्पीपणा म्हणतो.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. फोर्ट हूड हा दहशतवादच होता आणि चार्ल्स्टन हाही दहशतवादच होता. हेतू काय, लक्ष्य कोण आणि कोणाला भयभीत करायचे होते, या तीन प्रश्नांवर नाव ठरले पाहिजे. गुन्हेगाराच्या धर्माचा, वंशाचा, आडनावाचा त्याच्याशी संबंध नाही. एका हसनमुळे सगळे मुस्लिम सैनिक संशयित ठरत नाहीत. आणि ते संशयित ठरतील या भीतीने मृतांचा न्यायही अडवता येत नाही.

आता शस्त्रांचा प्रश्न. फोर्ट हूडनंतर बंदूकवाद्यांनी ओरड केली की, तळावर सैनिकांना खाजगी शस्त्रे बाळगू दिली असती तर एवढे बळी गेलेच नसते. परंतु हसनने वापरलेले पिस्तूल गावातल्या दुकानातून कायदेशीरपणे विकत घेतलेले होते. एप्रिल २०१४ मध्ये त्याच तळावर दुसऱ्या एका सैनिकाने तिघांना मारले, त्याचेही पिस्तूल कायदेशीर खरेदीचेच. सप्टेंबर २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल आवारात बारा जण मारले गेले. तेथे हल्लेखोराने एका सुरक्षा रक्षकावर गोळी झाडून त्याचे पिस्तूल हिसकावले आणि तेही वापरले. २००९ मध्ये हसनला रोखले ते कर्तव्यावर असलेल्या, प्रशिक्षित आणि जबाबदारीने बांधलेल्या तळाच्या पोलिसांनी. तरीही २०१६ मध्ये संरक्षण खात्याने नियम सैल करून खाजगी शस्त्राची परवानगी देण्याचा अधिकार तळप्रमुखांना दिला. रोग बाजारात आणि औषध मात्र बराकीत!

याचा अर्थ शस्त्र कोणाच्या हाती आहे हा प्रश्न आम्ही हलका मानतो असे नव्हे. चातुर्वर्ण्याने बहुजनांना विद्येबरोबर शस्त्रही नाकारले म्हणून ते बंड करू शकले नाहीत, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये दाखवून दिले. १९९५ च्या ॲट्रॉसिटी नियमांतील नियम ३ हा त्याच जाणिवेचा आहे. अत्याचारप्रवण भागात सवर्णांचे शस्त्रपरवाने तपासून गरजेप्रमाणे रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने द्यावेत, असे तो सांगतो. ज्याच्याकडून धोका आहे त्याचे शस्त्र आधी काढा, ज्याला धोका आहे त्याला संरक्षण द्या, हे त्यातले सूत्र आहे. सर्वांना बंदुका वाटा असे ते म्हणत नाही. अमेरिकेच्या वादात नेमके हेच सूत्र हरवले आहे.

नाव देण्याचा अधिकार आणि शस्त्र बाळगण्याचा अधिकार हे दोन्ही सत्तेचे अधिकार आहेत. ते ज्यांच्या हाती आहेत त्यांना एकच कसोटी लावायला भाग पाडणे, हे चळवळीचे काम आहे. आपल्या जिल्ह्यात नियम ३ प्रमाणे किती परवाने तपासले आणि किती रद्द झाले, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारण्यापासून कार्यकर्त्यांनी सुरुवात करावी.