स्मृती नव्हे, स्मरणरंजन

'स्मृती आणि संवेदन' हा विषय अलीकडे समूह-चित्रप्रदर्शनांना फार मानवतो. त्याचे कारण उघड आहे: या विषयाखाली काहीही बसते. कुणी आजोळचा वाडा रंगवतो, कुणी पितळी डबा आणून ठेवतो, कुणी तपकिरी पडलेला कौटुंबिक फोटो मोठा करून टांगतो. आणि ज्याचे चित्र यांपैकी कशातच बसत नाही, त्याच्या चित्राखाली 'अंतर्मनातील आठवणींचा प्रवास' अशी चिठ्ठी लागते. आठ-दहा चित्रकारांनी दालनाचे भाडे वाटून घ्यावे, ही व्यवहाराची सोय आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र या सोयीला विचारसूत्राचा मुखवटा चढवला जातो, तेव्हा आक्षेप घेतलाच पाहिजे.

'समूह' या शब्दाला आपल्या कलेच्या इतिहासात वजन होते. 1947 साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांचे काम एकमेकांसारखे मुळीच नव्हते. बाकरे तर शिल्पकार. 1949 साली मुंबईत त्यांचे एकत्रित प्रदर्शन भरले ते त्यांचा विषय समान होता म्हणून नव्हे, तर भांडण समान होते म्हणून. कलाशिक्षणातून आलेल्या रूढ अभिरुचीशी ते भांडण होते. आजच्या स्मृतिप्रदर्शनांचे भांडण कुणाशी आहे, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. आठवणींशी कोण भांडणार?

खरे तर भांडण तिथेच आहे. स्मृती आणि संवेदन या दोन सख्ख्या बहिणी असल्यासारखे प्रदर्शनांचे निवेदक लिहितात. अनुभव उलट सांगतो. जे पूर्वीपासून ठाऊक आहे, ते आपण पाहत नाही, नुसते ओळखतो. ठाण्याचा टेंभी नाका घ्या. हे नाव उच्चारताच ठाणेकराच्या डोळ्यांपुढे आनंद आश्रम येतो, आनंद दिघे यांनी सुरू केलेला नवरात्रोत्सव येतो, देवीच्या दर्शनाची रांग येते. ही स्मृती खोटी नाही. पण ती इतकी भरलेली आहे, की नाक्यालगतच 1879 साली बांधलेले बेने इस्रायली समाजाचे 'शार हाशामाईम' हे प्रार्थनामंदिर रोज तिथून जाणाऱ्या कित्येकांना दिसत नाही. मराठी बोलणारा हा समाज. 1948 नंतर त्यातील अनेक कुटुंबे इस्रायलला गेली, काही इथेच राहिली. वास्तू उभी आहे, डोळे शाबूत आहेत, तरी दर्शन घडत नाही. आठवण पाहण्याच्या आड येते ती अशी. स्मृती आणि संवेदन यांवर प्रदर्शन भरवायचे, तर त्याने या झापडबंदपणाला हात घालायला हवा.

भिंतींवर जे टांगले जाते, त्याला मराठीत चांगला शब्द आहे: स्मरणरंजन. स्मृती अस्वस्थ करते, स्मरणरंजन गोंजारते. जाते, कंदील, लोखंडी पेटी यांच्यापुढे प्रेक्षक 'आमच्याकडेही होते' असे म्हणतो आणि पुढे सरकतो. त्या जात्यावर पहाटे कोण दळत होते आणि तिला त्याविषयी काय वाटत होते, हा प्रश्न दालनात कुणी विचारत नाही.

प्रभाकर बरवे यांनी (1936–1995) याच्या नेमके उलट केले. घड्याळ, पान, ढग अशा ओळखीच्या वस्तू त्यांनी नेहमीच्या संदर्भातून उचलून रिकाम्या अवकाशात ठेवल्या. तिथे घड्याळ वेळ सांगत नाही, पान झाडाची आठवण देत नाही. वस्तू पहिल्यांदाच दिसावी तशी दिसते. या पाहण्याचा विचार त्यांनी 'कोरा कॅनव्हास' (1990) या पुस्तकात मांडला, आणि तो मराठीत मांडला. 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात बरव्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. त्याच्या उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांना भाषणात वारंवार अडवण्यात आले. ते निषेधार्हच होते. पण आज त्या प्रदर्शनाचे नाव काढले की व्यासपीठावरचा तो प्रसंग आठवतो, चित्रे आठवत नाहीत. स्मृती चित्राच्या आड कशी येते, याचा हा दुसरा दाखला.

यावर दोन बचाव केले जातात. पहिला असा, की ओळखीच्या वस्तूंमुळे सामान्य प्रेक्षक निदान दालनात येतो. येतो खरा, पण जे घेऊन आला तेच घेऊन परत जातो. दुसरा बचाव अधिक गंभीर आहे: ज्यांच्या आठवणींना इतिहासाने जागा दिली नाही, त्यांच्यासाठी स्मरण हाच प्रतिकार असतो. हे पूर्णपणे मान्य. मात्र म्हणूनच कुणाची स्मृती, कशाविरुद्धची स्मृती, हे स्पष्ट झाले पाहिजे. सगळ्यांच्या आठवणी एकाच मऊ प्रकाशात मांडल्या, की वंचिताची जखम आणि सुखवस्तू घरातली अडगळ यांची किंमत सारखी होते. तो समभाव नव्हे. ती बेपर्वाई आहे.

या बेपर्वाईला साहित्याच्या वर्गातूनही खतपाणी मिळते. मर्ढेकरांच्या लयतत्त्वातील संवाद, विरोध आणि समतोल ही त्रयी परीक्षेपुरती पाठ होते. ती घेऊन एखाद्या चित्रासमोर उभे राहावे, असे अभ्यासक्रम सांगत नाही. कवितेतील हळवी आठवण विद्यार्थी लगेच हेरतो, 'हे भावविवश आहे' असे नि:शंकपणे लिहितो. तीच आठवण चौकटीत बसून भिंतीवर आली, की 'चित्रातले आम्हांला कळत नाही' असे म्हणून तो आणि त्याचे अध्यापकही नमते घेतात. ही नम्रता नसून पळवाट आहे. 'कोरा कॅनव्हास' हे वैचारिक गद्य म्हणून पदव्युत्तर वर्गात वाचता येते. मर्ढेकरांची कसोटी दालनात नेता येते. भिंतीवरच्या निवेदनातील 'अंतर्मन', 'प्रवास', 'अवकाश' हे शब्द एखाद्या सामान्य कवितेत आले असते तर आपण खोडले असते. ते तिथेही खोडावेत.