संकल्पातील बुद्ध

कोणतीही पूजा संकल्पावाचून होत नाही. सत्यनारायण असो, गणेशस्थापना असो वा वास्तुशांत असो. यजमान हातात उदक घेऊन गुरुजींच्या मागोमाग देशकालाचा उच्चार करतो. कल्प, मन्वंतर, युग, चरण अशा पायऱ्या उतरत तो उच्चार आपल्या काळापाशी येतो आणि तेथे एक शब्द येतो : बौद्धावतारे. महाराष्ट्रातील श्रद्धाळू घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द उच्चारला आहे. जुन्या पंचांगांवरील दशावतारांच्या चित्रांत नवव्या स्थानी कित्येकदा विटेवरचा विठ्ठलच उभा दिसे. आपण जगतो तो काळ बुद्धाचा, असे आपण देवापुढे सांगतो. मात्र त्या बुद्धाने काय शिकविले आणि आज जगात त्याच्या शिकवणुकीचे काय चालले आहे, याची विचारपूस आपल्या घरांत क्वचितच होते. वैशाखी पौर्णिमेच्या निमित्ताने ती करावी, असे आम्हांस वाटते.

विचारपूस करण्याजोगे घडलेही पुष्कळ आहे. गेल्या अर्धशतकात युरोप-अमेरिकेतील असंख्य माणसे मांडी घालून, डोळे मिटून आपल्या श्वासाकडे लक्ष देत बसू लागली आहेत. व्हिएतनामचे भिक्षू थिक न्हात हान यांनी १९८२ साली फ्रान्समध्ये प्लम व्हिलेज हा आश्रम उभारला आणि २०२२ मध्ये देह ठेवीपर्यंत पाश्चात्त्यांना चालता-बोलता, भांडी घासता सावध राहण्याचा धडा दिला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात जोसेफ गोल्डस्टीन, शॅरन साल्झबर्ग व जॅक कॉर्नफील्ड या तरुणांनी १९७५ साली विपश्यनेची संस्था स्थापिली. त्याच राज्यातील वैद्यकीय विद्यापीठात १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांना ध्यानाचा पाठ देण्यास आरंभ केला.

ही वार्ता वाचून आपल्याकडे दोन प्रकारचे उद्गार निघतात. एक अभिमानाचा : अखेर जग आमच्याच दारी आले! दुसरा धास्तीचा : आमची मुले या शिबिरांना जाऊन धर्म तर सोडणार नाहीत ना? दोन्ही उद्गार थोडे तपासून पाहावेत.

अभिमानाला जागा अवश्य आहे. ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये आज ध्यानकेंद्रे गजबजली आहेत, तेथे ध्यानमार्गाचा मूळ ग्रंथ शुद्ध करून देण्यासाठी एक मराठी माणूस १९१० सालीच जाऊन पोहोचला होता. गोव्यातील साखवळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी हे ते पुरुष. ‘बालबोधमेवा’ या मराठी मासिकातील बुद्धचरित्र वाचून या सारस्वत तरुणाच्या मनाने जो ठाव घेतला, तो कायमचा. हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक लॅनमन यांच्याकडे ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम अडून राहिले होते. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी साधकास वर नेणारा बुद्धघोषाचार्यांचा हा ग्रंथ. त्यासाठी कोसंबींनी चार वेळा अमेरिकेची वारी केली. हार्वर्डची ती आवृत्ती १९५० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ते हयात नव्हते; १९४७ च्या जून महिन्यात आपल्याच विदर्भातील सेवाग्राम येथे प्रायोपवेशनाने त्यांनी देह ठेवला होता. मराठी वाचकांसाठी ‘समाधिमार्ग’ हे ध्यानविषयक पुस्तकही त्यांनी लिहून ठेविले आहे.

परंतु याच चरित्रात अभिमानाला लगाम घालणारी गोष्टही आहे. पाली शिकावी, बुद्धवचन मुळातून वाचावे, यासाठी कोसंबींना आपल्या देशात गुरू मिळेना. त्यांना १९०२ साली सिंहलद्वीप गाठावे लागले, पुढे ब्रह्मदेशात जावे लागले. म्हणजे जे आमचे म्हणून आम्ही मिरवितो, ते आम्ही विसरून गेलो होतो आणि शेजाऱ्यांनी ते ठेवीप्रमाणे सांभाळले होते. ठेव सांभाळणाऱ्याचे उपकार मानावयाचे असतात.

धास्तीचा विचार सत्यनारायण गोएंका यांच्या चरित्राच्या आधारे करता येतो. मंडाले येथील सनातनी मारवाडी कुटुंबात १९२४ साली त्यांचा जन्म झाला. नावच सत्यनारायण, घरात पूजाअर्चा, गीतापाठ. व्यापारात यश मिळाले, परंतु असह्य अर्धशिशीने त्यांना ग्रासले. देशोदेशींचे वैद्य झाले. १९५५ साली ते रंगून येथे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू संन्यासी नव्हते. ब्रह्मदेशाच्या सरकारात महालेखापालाच्या हुद्द्यावर असलेले गृहस्थ होते. केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी येणार असाल तर ही विद्या तुमच्यासाठी नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी प्रथम दिले. चित्तशुद्धीसाठी येण्याची तयारी दाखविल्यावरच प्रवेश मिळाला. पुढे १४ वर्षे त्या गुरूंच्या छायेत काढून १९६९ च्या जूनमध्ये गोएंका भारतात आले आणि जुलैत मुंबईत पहिले शिबिर झाले. त्यात त्यांचे आईवडील आणि आणखी मोजकी माणसे होती. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरे सुरू झाली. १९७९ पासून ते स्वतः पाश्चात्त्य देशांत शिकवू लागले. २०१३ साली त्यांचे निधन झाले, तोवर ही विद्या सर्व खंडांत पोहोचली होती.

या शिबिरात धर्मांतराचा प्रश्न येत नाही. शुल्क नाही, आधी लाभ घेतलेल्यांच्या दानावर सारे चालते. पहाटे चारला उठावयाचे, दहा दिवस मौन पाळावयाचे, प्रथम श्वास आणि मग शरीरावरील संवेदना समत्वाने पाहावयाच्या. त्या दिवसांपुरती जपमाळ, पूजा, पोथी बाजूस ठेवावी लागते, आणि श्रद्धाळू घरातील वडीलधाऱ्यांना हेच खटकते. त्यांचे खटकणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या घरात देवाला नैवेद्य दाखविल्याशिवाय पान वाढले जात नाही, त्या घराला नित्यनेमाचा खंड लागणारच. मात्र शरीराला पथ्य सांगणाऱ्या वैद्यावर आपण रागावत नाही. एक औषध चालू असताना दुसरे घेऊ नये, इतकाच त्या नियमाचा अर्थ आहे. ज्यांना तो पटत नाही त्यांनी जाऊ नये. ज्यांच्या मनाला गंभीर आजार आहे त्यांनी तर वैद्याच्या सल्ल्यावाचून मुळीच जाऊ नये. परंतु जाणाऱ्या मुलाला धर्मबुडवा ठरवू नये. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाची पारायणे करणाऱ्या घराला आसन, एकांत आणि चित्ताची स्थिरता परकी कशी वाटावी?

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. सारे एकच आहे, असे म्हणून मोकळे होण्याचा तो मोह. ज्ञानदेवांचा योगी आत्मस्वरूपी लीन होतो. बुद्धाचा साधक आत्मा असा नित्य पदार्थ कोठेच सापडत नाही, असे पाहतो. हा भेद पंडितांनी शतकानुशतके वादिला आहे आणि तो पुसण्याने कोणाचाच मान वाढत नाही.

हा भेद पुसला तर काय होते, ते आपल्या भंडारा जिल्ह्याला अधिक कळावयास हवे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि पराभूत झाले. घटनेच्या मसुद्याचे शिल्पकार आपल्या गावांतून मते मागून रिक्त हस्ते परतले. त्यानंतर अडीच वर्षांच्या आतच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बुद्धाला शरण जाण्याचा मार्ग स्वीकारला. त्या दिवशीच्या २२ प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे आपण मानणार नाही, हीही एक होती. जो शब्द आपण पूजेत आदराने उच्चारतो, तो आपल्याच आळीतील शेजाऱ्याच्या मनाला का बोचतो, याचे उत्तर फार दूर नाही. भागवतादी पुराणांत बुद्धावताराचे प्रयोजन असुरांना मोहात पाडणे असे सांगितले आहे. अवतार म्हणून आसन द्यावयाचे आणि उपदेशाला मोह म्हणावयाचे, हा आदर अर्धाच आहे. आणि पुढील अर्धा भाग तर त्याहून कटू आहे : बुद्धाला देवघरात घेणाऱ्या समाजाने बुद्धाच्या वाटेने गेलेल्या माणसांना पाणवठ्यावर येऊ दिले नव्हते.

म्हणूनच पश्चिमेकडे पसरलेल्या ध्यानाविषयीही आमचे एक स्पष्ट मत आहे. तेथे आणि आता आपल्या शहरांतही ध्यान हे थकवा घालविण्याचे, कचेरीत अधिक काम उरकण्याचे साधन म्हणून विकले जाऊ लागले आहे. ऊ बा खिन यांनी डोकेदुखीच्या रुग्णाला दिलेले उत्तर या बाजाराला तंतोतंत लागू पडते. विसुद्धिमग्गातील पहिली पायरी शीलाची आहे. ती ओलांडून समाधीवर उडी घेता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या आपल्या ग्रंथात माणसाने माणसाशी कसे वागावे याला मध्यवर्ती स्थान दिले. डोळे मिटून बसणाऱ्याचे मन जर डोळे उघडल्यावर शेजाऱ्याविषयी मऊ होत नसेल, तर त्याने केवळ विश्रांती घेतली, साधना केली नाही. हा निकष ध्यानाला आहे तसाच आपल्या पूजेलाही आहे.

आमच्या वाचकांना हे समजून घेण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण नाही. वैनगंगेकाठचे पवनी हे गाव विदर्भाची काशी म्हणून आपल्या घरांत परिचित आहे. घाटावर स्नान करावे, सर्वतोभद्र गणेशाचे दर्शन घ्यावे आणि परतावे, असा आपला क्रम. त्याच पवनीत जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये उत्खनन केले आणि दोन सहस्र वर्षांपूर्वीचा भव्य स्तूप उजेडात आला. गोएंका ज्या वर्षी ध्यानाची विद्या घेऊन भारतात परतले, त्याच वर्षी पवनीच्या मातीत कुदळ लागली, हा योगायोग मोठा सूचक आहे. तेथे सापडलेल्या शिल्पांत मुचलिंद नागाचे शिल्प आहे. संबोधीनंतर बुद्ध ध्यानस्थ असता वादळ उठले आणि नागराजाने आपला फणा त्याच्यावर धरला, ही ती कथा. नागपंचमीला नागाला पूजणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ती सहज उमगेल. त्या प्राचीन शिल्पकारांनी बुद्धाची मूर्ती घडविली नाही. फण्याखाली त्यांनी आसन रिकामे ठेवले.

त्या रिकाम्या आसनापुढे प्रत्येकाने आपापला अर्थ शोधावा. आमची विनंती साधी आहे. या पौर्णिमेला पवनीला जाल तेव्हा घाटावरून तसेच परतू नका. मुलांना घेऊन टेकडीवर जा आणि हा स्तूप कोणी, कशासाठी बांधला ते त्यांना सांगा. पवनीजवळ रुयाड येथे जपानी उपासकांच्या साहाय्याने उभारलेला नवा महास्तूपही त्यांना दाखवा. आपल्या गावच्या विहारात सायंकाळी वंदना होईल. बोलावणे आले तर अवश्य जा, आणि हा आमचाच नववा अवतार, असे तेथे सांगत बसू नका. मागे बसा, ऐका, घटकाभर शांत राहा. घरी संकल्पाचा तो शब्द उच्चारताना क्षणभर थांबा. आपल्या काळाला ज्याचे नाव दिले आहे, त्याच्या अनुयायांशी आपण या वर्षभरात कसे वागलो, एवढे मनाशी विचारा आणि मगच हातातले उदक सोडा.