कर्जावर मात्र एकमत

पिंपळे सौदागरमधील मध्यमवर्गीय कुटुंबाला कर्जाचे अर्थशास्त्र शिकवावे लागत नाही. हिंजवडीच्या नोकरीच्या भरवशावर सदनिका घेतली, वर्षानुवर्षांचा हप्ता अंगावर घेतला. परंतु घरासाठी काढलेले कर्ज आणि किराण्यासाठी काढलेले कर्ज यांतील अंतर त्या घरातील गृहिणी पुरते जाणून असते. पहिल्यातून घर उभे राहते, दुसऱ्यातून केवळ महिना ढकलला जातो.

मंत्रालयाला हे कळत नाही असे कसे म्हणावे? तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये होती आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. ४५,८९१ कोटींची ही तूट धरणांसाठी नव्हे, रस्त्यांसाठी नव्हे. ती रोजच्या खर्चाची होती. एकूण कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे जाणार होते. उत्पन्नाच्या तुलनेत कर्ज मर्यादेत आहे, हे सरकारचे उत्तर खोटे नाही. पण बँक आणखी कर्ज द्यायला तयार आहे म्हणून कोणी किराणा उधारीवर भरत नाही!

नोव्हेंबर २०२४ आठवावा. ५ तारखेला कोल्हापुरात महायुतीने लाडक्या बहिणीचे दीड हजार एकवीसशे करण्याचे वचन दिले. दुसऱ्याच दिवशी मुंबईत महाविकास आघाडीने तीन हजारांचा आकडा पुकारला. तिजोरी रिकामी झाल्याची ओरड करणारे हेच विरोधक! गरजू भगिनीला मिळणाऱ्या पैशांविषयी आकस नसावा. तिच्या नावाने मांडलेल्या या लिलावाविषयी मात्र संताप यायलाच हवा. लाभार्थींची काटेकोर छाननी सुरू झाली ती मतदान उरकल्यावर.

एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष कर्ज काढण्यावर असे एकदिलाने वागतात, आणि समाजाचे दोन तट पडले असल्यामुळे ते पचतेही. आपल्या पक्षाचे कर्ज म्हणजे विकास, समोरच्याचे म्हणजे दिवाळखोरी. सप्टेंबर २०२४ मध्ये नितीन गडकरी यांनी नागपुरात, या योजनेच्या भारामुळे उद्योगांची अनुदाने वेळेवर मिळतील का, अशी शंका बोलून दाखविली. विरोधकांनी ते वाक्य शस्त्र म्हणून उचलले. स्वकीयांनी कानांवर हात ठेवले. त्यातल्या प्रश्नाकडे कोणीच पाहिले नाही.

हे असेच चालते, असे मानण्याचे कारण नाही. वित्तीय शिस्तीचे विधेयक यशवंत सिन्हा यांनी २००० साली लोकसभेत मांडले, वाजपेयी सरकारच्या काळात २००३ मध्ये ते संमत झाले आणि जुलै २००४ मध्ये त्याची अंमलबजावणी केली ती मनमोहन सिंग सरकारने. महाराष्ट्रात विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना २००५ मध्ये तसाच कायदा झाला. महसुली तूट मिटविणे हे त्यामागचे मूळ उद्दिष्ट. राज्याच्या सात अंगांत कौटिल्याने कोशाला स्थान दिले, ते राजा कोणत्या कुळातला हे पाहून नव्हे.

पिंपरी-चिंचवडलाही हे लागू आहे. जकातीवर श्रीमंत झालेल्या या महापालिकेने जुलै २०२३ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले, मुळा-पवना नद्यांच्या पुनरुज्जीवनासाठी. जून २०२५ मध्ये आणखी २०० कोटींचे हरित रोखे आले. कामाचे नाव सांगून काढलेले हे कर्ज किराण्याच्या उधारीपेक्षा निश्चितच बरे. मात्र दोन्ही वेळा सभागृहच अस्तित्वात नव्हते. मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता. प्रश्न विचारायला एकही नगरसेवक नव्हता.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृह पुन्हा भरले आहे. पिंपळे सौदागरच्या काठाने वाहणारी पवना २०२३ च्या दोनशे कोटींतून किती स्वच्छ झाली, हा प्रश्न विरोधी बाकांवरून येईलच. तो येणे स्वाभाविक आहे. सत्ताधारी बाकांवरून, आणि त्या बाकांसाठी उन्हातान्हात घरोघर फिरलेल्या कार्यकर्त्याच्या तोंडून तो येणार आहे काय?