जोडीदाराला कोपऱ्यात उभे करू नका

गुरुवारी कंपनीची सुट्टी असली की महाळुंग्यातल्या आमच्या वस्तीत सिमेंटच्या मोकळ्या जागेवर नेट बांधले जाते आणि पिकलबॉलचे डाव रंगतात. परवा एक जोडपे खेळत होते. भाऊ एकटाच कोर्टभर धावत होता आणि ताई मागच्या कोपऱ्यात पॅडल धरून उभ्या होत्या. त्यांच्याकडे आलेला चेंडूही "थांब, मी घेतो" म्हणून तोच मारायचा. डाव संपला तेव्हा ताईंनी चेंडू मारला होता मोजून चार वेळा. भाऊ मात्र डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलटा पळताना पडला. मनगट सुजले. पट्टी आम्हीच बांधली आणि एक्स-रे काढायला पाठवले.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. एकाच चुकीने दोघांचेही नुकसान झाले. एकीचा व्यायाम झाला नाही आणि दुसऱ्याचा हात गेला.

हा खेळ अमेरिकेत १९६५ साली सुरू झाला. भारतात तो मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी रुजवला. कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच. बालेवाडीजवळच्या दुसऱ्या महाळुंग्यात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी मोठे क्रीडासंकुल उभे राहिले. आपल्या महाळुंग्यात तसे काही नाही, पण एवढी जागा वस्तीतही निघते. नेट मात्र बॅडमिंटनसारखे उंच बांधू नका. मध्यभागी ३४ इंच, साधारण कमरेएवढे पुरे.

आता डावपेच. सर्व्हिसचा चेंडू आणि त्याचे परतीचे उत्तर, दोन्ही टप्पा पडल्यावरच मारायचे असतात. म्हणून सर्व्हिस करणाऱ्या जोडीने घाई करून पुढे धावू नये, मागेच थांबावे. समोरच्याने परतीचा चेंडू खोल टाकावा आणि लगेच पुढे येऊन जोडीदाराशेजारी उभे राहावे. नेटच्या दोन्ही बाजूंना सात फुटांची पट्टी असते, तिला 'किचन' म्हणतात. त्या पट्टीत उभे राहून टप्प्याआधी चेंडू मारता येत नाही. हीच या खेळाची गंमत आहे. चेंडू हळूच समोरच्यांच्या किचनमध्ये सोडला, की त्यांना तो खालून वर उचलावाच लागतो, जोरात हाणता येत नाही. म्हणजे इथे दंडाच्या ताकदीपेक्षा मनगटाचा संयम जिंकतो. पन्नाशीची आई विशीच्या पोराला हरवू शकते ती याच पट्टीवर.

दुसरी गोष्ट, जोडीने हलणे. दोघांच्या कमरेला एकच दोरी बांधली आहे असे समजा. एक पुढे गेला की दुसऱ्याने पुढे, एक डावीकडे सरकला की दुसऱ्यानेही डावीकडे. एक पुढे आणि एक मागे राहिला की मधली मोठी जागा उघडी पडते. मधोमध आलेल्या चेंडूवर "माझा" किंवा "तुझा" असे मोठ्याने बोला.

काही जण म्हणतात, "समोरचे कच्च्या खेळाडूकडेच मारतात, मग आम्ही काय करायचे?" मारणारच. त्यावर उपाय म्हणजे त्या खेळाडूला पक्का करणे. सगळे चेंडू स्वतः घेतले तर जोडीदार कधीच शिकणार नाही, आणि तुमची अर्धी बाजू कायम मोकळी राहील.

वॉर्डात वर्षे काढलेल्या आम्हाला पडण्याची भीती जास्त वाटते. पाळी गेल्यावर बायकांची हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि पडताना हात टेकला की मनगटाचे हाड मोडते. म्हणून डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलटे पळू नका. वळा, मग धावा. नाहीतर गुण सोडून द्या. चपलेवर खेळू नका. रात्रपाळी करून आलात तर आधी झोप घ्या. सुरुवातीला दहा मिनिटे चाला, पोटऱ्या आणि खांदे मोकळे करा.

पुण्यात इंग्रजांच्या क्लबात बाळू पालवणकर तासन्‌तास साहेबांना गोलंदाजी करत, पण बॅट काही त्यांच्या हाती दिली जात नसे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. हा इतिहास आपल्या घराघरात सांगितला जातो. मग आपल्याच कोर्टावर आपली बायको, बहीण, आई फक्त चेंडू उचलायला कशी?

येत्या गुरुवारपासून एवढे करून पाहा. पहिली पंधरा मिनिटे गुण न मोजता किचनच्या रेषेवरून चौघांनी हळू चेंडू खेळवायचा. प्रत्येक डावानंतर जोड्या बदलायच्या. आणि "थांब, मी घेतो" हे शब्द कोर्टाबाहेर ठेवायचे.