नीसला जाऊन काय करायचे?

आमच्या नात्यात सध्या आईवडिलांना युरोप दाखवून आणायची लाट आली आहे. मुले कमावती आहेत, आईवडिलांनी जन्मभर काटकसर केली याची त्यांना जाणीव आहे, आणि याचे मला मनापासून कौतुक आहे. तक्रार आहे ती कार्यक्रमपत्रिकेबद्दल. बारा दिवसांत सात देश! माझ्या पाहण्यात आलेल्या तीन पत्रिकांमध्ये दक्षिण फ्रान्समधल्या नीस या गावाच्या वाट्याला जेमतेम दोन तास आले होते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा की लगेच बसमध्ये. आम्ही दोघे दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात तिथे पाच दिवस राहिलो, हे ऐकून भाची म्हणाली, "मावशी, पाच दिवस तिथे करायचे तरी काय?" उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून इथे लिहिते.

माझे मत आधीच सांगून टाकते. नीस वाढले तेच मुळी आजारी, थकल्याभागल्या आणि उतारवयातल्या माणसांच्या मुक्कामांवर. त्याच वयाच्या माणसांना तिथे दोन तासांत उरकायला लावायचे, हा उफराटा कारभार झाला.

मी भूगोल शिकवत असे, त्यामुळे सुरुवात तिथूनच. नीसच्या पाठीशी आल्प्सचे डोंगर आहेत. ते उत्तरेचे गार वारे अडवतात, म्हणून जानेवारीतही दुपारी १२-१३ अंश तापमान आणि भरपूर ऊन असते. स्मॉलेट हा स्कॉटिश लेखक, जो स्वतः डॉक्टरही होता, १७६३ मध्ये छातीच्या विकारासाठी इथे येऊन राहिला आणि १७६६ मध्ये त्याने आपले प्रवासवर्णन छापले. मग इंग्रज श्रीमंतांची रीघ लागली. १८६४ मध्ये रेल्वे आली. पण हे सगळे लोक यायचे हिवाळ्यात, आणि यायचे ते महिनोन् महिने राहायला. उन्हाळ्यात समुद्रस्नानासाठी गर्दी करायची पद्धत विसाव्या शतकातली. २०२१ साली युनेस्कोने नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेही हिवाळी मुक्कामाचे नगर म्हणूनच.

राणी व्हिक्टोरियाचेच पाहा ना. १८९७ मध्ये ती इथल्या सिमिए टेकडीवर उतरली तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची होती. तिच्यासोबत आपल्या आग्र्याचा मुन्शी अब्दुल करीम होता, तो तिला हिंदुस्तानी शिकवत असे. आठवडेच्या आठवडे राहायची, गाढवाच्या छोट्या गाडीतून फिरायची. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या राणीला फुरसत होती, मग पेन्शनरांना कसली घाई?

आता करायचे काय, ते सांगते.

पहिले काम बसणे. होय, बसणे! समुद्रकाठाने सुमारे सात किलोमीटरचा रुंद रस्ता आहे, 'प्रोमनाद देझांग्ले', म्हणजे इंग्रजांची फिरायची वाट. तिच्यावर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात, त्यांना पैसे पडत नाहीत. या वाटेची जन्मकथा मला फार आवडते. १८२० च्या सुमारास कडाक्याच्या थंडीने लोकांचे हाल झाले, हाताला काम राहिले नाही. तेव्हा तिथल्या इंग्रजांनी वर्गणी काढून गरजूंना हा रस्ता बांधायचे काम दिले. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. याच रस्त्यावर १४ जुलै २०१६ च्या रात्री एका माणसाने गर्दीत ट्रक घातला आणि ८६ माणसे गेली. त्यांचे स्मारक तिथे आहे. दोन मिनिटे उभे राहावे.

किनाऱ्यावर वाळू नाही, गोल गोटे आहेत. अनवाणी चालायला गेलात तर पाय शेकून निघतील, रबरी चपला न्याव्यात. आणि भूमध्य समुद्राला आपल्या कोकणासारखी भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. सकाळी पाणी जिथे, संध्याकाळीही तिथेच. मला आधी हे चुकल्यासारखे वाटले, मग त्याची सवय झाली.

दुसरे, जुन्या गावातला 'कूर सालेया' बाजार. सोमवारी जुन्यापुराण्या वस्तूंचा, बाकीचे दिवस फुले-भाजीचा. तिथे 'सोक्का' खायचाच. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, भट्टीत भाजून वर मिरपूड. थोडक्यात आपले बेसनाचे धिरडेच की हो! अंडेही नसते. शाकाहारी मंडळींची चिंता मिटली.

तिसरे, किल्ल्याची टेकडी. किल्ला नाही, तो चौदाव्या लुईने १७०६ मध्ये पाडून टाकला. वर जायला लिफ्ट आहे आणि ती फुकट आहे, त्यामुळे ह्यांच्या गुडघ्यांची काळजी राहिली नाही. दुपारी बाराला तिथून तोफेसारखा बार होतो. एका स्कॉटिश गृहस्थाने, बायको गप्पांत रमून जेवणाची वेळ विसरते म्हणून, ही प्रथा पाडली असे सांगतात. (स्वतः स्वयंपाक केला असता तर तोफेची गरज पडली नसती, असे आपले माझे मत!)

चौथे, किनाऱ्याने जाणारी साधी लोकल गाडी. व्हिलफ्रांश सात-आठ मिनिटांवर, लिंबांसाठी प्रसिद्ध असलेले माँतों पाऊण तासाच्या आत. मध्ये रोकब्रून आहे. चंदीगड रचणाऱ्या ल कॉर्बुझिएने तिथे स्वतःसाठी एक लाकडी खोपटे बांधले, सुमारे बारा फूट बाय बारा फूट. एक अख्खे शहर आखणाऱ्या माणसाला स्वतःला चाळीतल्या खोलीएवढी जागा पुरली. १९६५ मध्ये तिथेच पोहताना तो गेला. ते खोपटे आधी वेळ ठरवून पाहता येते.

एक दिवस शिल्लक असेल तर मार्सेय. आगगाडीने अडीच-तीन तास. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून उडी घेतली ते हे बंदर. मराठी माणसाला तिथे गाईड लागत नाही.

आता आक्षेप. "युरोपला काय पुन्हा पुन्हा जाणे होते? एकदा गेलोच आहोत तर जास्तीत जास्त पाहून घ्यावे." यात तथ्य आहे. व्हिसा, विमान, सगळेच महाग, आणि सात देशांचे पैसे एकदम भरले की स्वस्त पडल्यासारखे वाटते. पण परत आलेल्या मंडळींना विचारून पाहा. कोणते चर्च कोणत्या गावचे हे फोटोतही ओळखता येत नाही. आठवतात ती पहाटे पाचला बाहेर ठेवलेली बॅग आणि स्वच्छतागृहाची रांग. जन्मभर घड्याळाच्या काट्यावर धावलेल्या माणसाला पुन्हा घड्याळाच्याच हाती द्यायचे? आणि वरच्या यादीत बाजार, खुर्ची, लिफ्ट, लोकल, हे सगळे फुकट किंवा स्वस्तच आहे.

सत्तरीनंतर असे लांबचे प्रवास किती उरले, याचा हिशेब प्रत्येक जण मनात करत असतो, बोलत कोणी नाही. माझ्या हिशेबात एक किंवा दोन. म्हणूनच मुलांना सांगणे आहे, आईवडिलांसाठी देश मोजू नका, एका ठिकाणच्या रात्री मोजा. सातऐवजी दोनच गावे ठेवा. ऑक्टोबर किंवा मार्च निवडा. तिकीट काढायच्या आधी त्यांना विचारा की तुम्हाला कुठे बसायला आवडेल. "कुठेही चालेल" हे उत्तर पहिल्या खेपेला स्वीकारू नका. ती आमच्या पिढीची सवय आहे, उत्तर नव्हे.

तुमचे अनुभव वेगळे असतील तर जरूर लिहा. वाचायला मला आवडेल, वेळ भरपूर आहे.